पुढचा जिना

या मित्रांनो, बसा. रोज तुम्ही माझ्यावर दप्तर आपटता, बुटाची नाडी बांधायला पाय टेकता आणि धावत वर निघून जाता. मी रागावत नाही. बाकाचा जन्मच मुळी त्यासाठी असतो. पण आज लिफ्ट बंद आहे, तुम्हाला चढायचा कंटाळा आलेला दिसतो आणि अनायासे तुम्ही निवांत टेकला आहात. म्हणून म्हटले, आपली ओळख करून द्यावी. मी लाकडी बाक, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा, आणि मूळचा या इमारतीतला नाही.

माझी इमारत तीन मजली होती. तिचे दोन भाग होते. रस्त्याच्या अंगाला होत्या त्या पुढच्या खोल्या आणि अंगणापलीकडे होत्या त्या मागच्या. पुढच्या खोल्यांना मोठ्या खिडक्या होत्या, ऊन थेट आत यायचे. मागच्या खोल्यांपुढे एका गोदामाची उंच भिंत उभी होती. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे आणि कपाटातल्या कपड्यांना ओलीने बुरशी धरत असे. अंगणात एक नळ होता आणि वर जायला एकच जिना होता, पुढच्यांनाही आणि मागच्यांनाही.

तळमजल्यावर एक सुतारआजोबा राहत. एकदा इमारतीचे जुने फाटक काढले आणि त्याच्या फळ्या सरपणात निघाल्या. आजोबांनी त्या अडवल्या. रंधा मारून, खाचेत खाच बसवून, त्यांनी मला घडवले. "माणसाला चढायच्या आधी दम खाता आला पाहिजे," असे म्हणत त्यांनी मला जिन्यापाशी ठेवले. फाटकाच्या कडीचे भोक माझ्या पाठीत तसेच राहिले. लहान मुले त्यात बोट घालून बसत आणि कधीकधी ते अडकवून रडतही.

माझ्या डोक्यावर एक छोटी खिडकी होती. ती होती घड्याळकाकांच्या दुकानाची मागची खिडकी. दुकान रस्त्याकडे आणि घर वर, दुसऱ्या मजल्यावर, पुढच्या बाजूला. डोळ्याला भिंग लावून काका घड्याळात एवढे बुडून जात की त्यांना जेवणाचे भान राहत नसे. मग वरून काकूंची हाक येई, "अहो, दुकानात इतकी घड्याळं आहेत, एखाद्यात तरी जेवायची वेळ झाली असेल!" अख्खे अंगण हसायचे. काकूंचा आवाज असा खणखणीत होता, पण त्या स्वतः मात्र खाली येत नसत. संधिवाताने त्यांचे गुडघे धरले होते आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि झिजलेल्या होत्या. शेवटच्या उतरल्या तेव्हा काकांनी आणि शेजाऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून उतरवले होते. त्याची त्यांना फार लाज वाटली. "मी काय कपाट आहे?" म्हणाल्या. त्यानंतर त्या उतरल्याच नाहीत.

मागच्या बाजूला शिवणमावशी राहत. नवऱ्याच्या माघारी त्यांनी शिवणावर घर चालवले होते. मशीन घरात चाले, पण काजे, बटणे आणि तुरपाई यांना त्यांच्या खोलीतला उजेड पुरत नसे. म्हणून रोज दुपारी त्या कपड्यांचे गाठोडे घेऊन काकूंच्या खिडकीत जाऊन बसत. उजेड काकूंचा आणि बातम्या मावशींच्या, असा तो व्यवहार होता. काकूंना इमारतीतले सगळे कळत असे ते मावशींमुळेच.

आता मालकाविषयी सांगतो. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेच नव्हते. तो यायचा नाही, त्याचा माणूस यायचा. हा माणूस इतका गोड बोलायचा की लोक त्याला गोडबोल्या म्हणत. घरोघरी जायचा, मुलांच्या गालाला हात लावायचा, चहा प्यायचा, छत बघून हळहळायचा आणि निघून जायचा. छत गळतच राहायचे.

एका सकाळी पहिलवानाची बायको पाण्याची बादली घेऊन चढत होती. हा पहिलवान टेम्पो चालवायचा आणि इतका काटकुळा होता की लोकांनी मुद्दाम ते नाव ठेवले होते. तर त्याच्या बायकोने कठड्याला हात टेकला आणि कठडाच निखळून हातात आला. बादलीसकट ती बिचारी खाली माझ्यापाशी येऊन पडली. मनगट मोडले.

संध्याकाळी तिला प्लास्टर घालून आणले तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले.

"मी गोडबोल्याला किती वेळा सांगितलं होतं, कठडा हलतोय म्हणून," पहिलवान म्हणाला. "म्हणाला, कुणाला बोलू नका, पण पहिलं काम तुमचं."

"तुमचं?" शिवणमावशींनी मान वर केली. "मला म्हणाला पहिलं काम माझ्या भिंतीचं. आणि कुणाला बोलू नका."

सुतारआजोबा खाकरले. "मलाही तेच म्हणाला."

खिडकीतून घड्याळकाकांनी डोके बाहेर काढले. "आणि मलाही. वर शपथ घातली होती."

मग हसू फुटले. हात गळ्यात बांधलेली पहिलवानाची बायकोही हसली. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"हसताय काय?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आपण एकमेकांपासून लपवत बसलो आणि तो आपल्याच कपातला चहा पिऊन जात राहिला. उद्यापासून त्याला कुणी घरात घ्यायचं नाही. जे बोलायचं ते इथे खाली, या बाकावर, सगळ्यांदेखत."

"मी एका पायावर तयार आहे," काका म्हणाले. "मावशी, तुम्ही बोला, मी मागे उभा राहतो."

पुढच्या वेळी गोडबोल्या आला तेव्हाची गंमत मी कधी विसरणार नाही. पहिल्या दारी त्याला सांगितले, खाली बाकावर या. दुसऱ्या दारीही तेच. तो पार तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला आणि तसाच उतरला. घाम पुसत माझ्यावर मधोमध बसला. बघतो तो चारही बाजूंनी माणसे.

"सगळे एकदम नको," तो गोडीत म्हणाला. "एकेकाने बोला."

"आजवर एकेकानेच बोलत होतो की, साहेब," घड्याळकाका म्हणाले. "बघितलं करून."

कठडा लोखंडी झाला. अंगणात दुसरा नळ आला. छताचे घोडे मात्र पेंड खाऊ लागले, तेव्हा सगळी इमारत कामावर रजा टाकून नगरपालिकेच्या कचेरीत गेली. परत आल्यावर पहिलवानाने ती हकीकत माझ्यावर उभे राहून, हातवारे करून सांगितली. साहेब म्हणे मान वर करायला तयार नव्हते. मग मावशींनी शिवणाच्या पिशवीतून गिलाव्याचे ढपले काढले आणि त्यांच्या टेबलावर मांडले.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"आमचं छत. तुम्हाला यायला सवड नाही, म्हणून आम्हीच घेऊन आलो."

छत झाले. सुतारआजोबा तेवढे पाहून गेले. त्यांच्या आठवणीने कुणीतरी मला हिरवा रंग दिला. मग आसपासच्या इमारतींतले भाडेकरूही येऊ लागले. 'तुम्ही कसं जमवलंत?' असे विचारत माझ्यावर बसू लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी तर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "याच्यात काहीतरी आहे हं!" मित्रांनो, माझ्यात काही नव्हते. पण खोटे कशाला बोलू, मी फुगून गेलो. वाटले, आता हे असेच चालणार.

मग मागच्या भिंतीचा विषय निघाला. ओलीने ती भिंत पोटासारखी बाहेर आली होती. मावशींच्या खोलीत तिला बोट जाईल अशी भेग पडली होती. काम मोठे होते. गोडबोल्या यायचाच बंद झाला. सगळ्यांनी मिळून पुन्हा कचेरीत जायचे ठरले. पुढच्या खोल्यांना त्या भिंतीचा काही त्रास नव्हता, तरी सगळ्यात आधी होकार दिला तो घड्याळकाकांनी.

कचेरीत जायच्या आधीच एका दुपारी गोडबोल्या आला. पण अंगणात आला नाही. रस्त्याकडून दुकानात गेला. माझ्या डोक्यावरची खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आले.

"काका, हे घड्याळ मागे पडतंय हो."

"ठेवून जा. बघतो."

"काकू कशा आहेत? बऱ्याच दिवसांत खाली दिसल्या नाहीत."

काकांच्या चिमट्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"मालकांच्या मनात एक आलंय," गोडबोल्या म्हणाला. "पुढच्या लोकांना वेगळा जिना द्यावा. रुंद, बुटक्या पायऱ्यांचा, दोन्हीकडे कठडा. काकू आपल्या आपण उतरतील. दुकानात तुमच्या शेजारी येऊन बसतील. फक्त पुढच्यांनी आपलं वेगळं बोलावं. मागच्या भिंतीचं मागचे बघतील."

"असलं बोलणं आम्ही बाकावर करतो."

"अहो, बाकावर मीही बसलोय. तिथे भिंतीचं बोलतात, नळाचं बोलतात. काकूंच्या गुडघ्यांचं तिथे कोण काढणार?"

चिमट्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने कुणीतरी हात लांब करून खिडकी आतून लावून घेतली. पुढचे मला ऐकू आले नाही.

त्यानंतर काका बदलले. बैठकीला येत, पण कडेला उभे राहत. मावशींनी काही विचारले तर "हो, बघू" म्हणत आणि दुकानात गिऱ्हाईक आल्याचे निमित्त काढत. काका बैठकीलाच आले नाहीत असा दिवसही लवकरच उजाडला. पुढच्या बाजूचे आणखी कुणीच आले नाही. मावशी, पहिलवान आणि मागचे लोक बराच वेळ वाट पाहून उठले.

मावशींना खरे कळले ते एका गवंड्याकडून. तो पुढच्या बाजूला टेप धरून माप घेत होता. 'पुढच्यांचा नवा जिना, सगळ्यांनी मालकाला सह्या दिल्यात' असे त्याने सहज सांगितले. मावशी तशाच अंगणात आल्या आणि खिडकीवर थाप मारली. खिडकी उघडली.

"काका, खरं का हे? सह्या दिल्यात?"

काकांनी डोळ्यावरचे भिंग काढले नाही. "मावशी, मलाही माझं घर बघायला हवं की नको?"

"बघा ना. बघू नका असं कोण म्हणालं तुम्हाला?"

काका पुन्हा घड्याळावर वाकले. मावशी कठडा धरून हळूहळू वर गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे गाठोडे काकूंच्या खिडकीत गेले नाही. त्यानंतर कधीच गेले नाही. त्या आपल्या खोलीत दिव्याखाली डोळे ताणत बटणे लावू लागल्या.

पुढचा जिना मात्र खरोखर झाला आणि चांगला झाला. गोडबोल्याने एवढा एक शब्द पाळला. काकू उतरल्या त्या दिवशी रस्त्यावरच्या टाळ्या मला अंगणात ऐकू आल्या. "सावकाश, सावकाश," असे काका लहान मुलासारखे म्हणत होते. त्या आवाजात एवढा आनंद होता की मलाही त्यांच्यावर रागावता आले नाही.

मग थोड्या दिवसांनी खिडकीतून काकूंचे बोलणे ऐकले. आवाज तो पूर्वीचा खणखणीत राहिला नव्हता.

"अहो, शिवणमावशी येत का नाही?"

"कामात असतील."

"मला सगळं कळलंय. खोटं बोलू नका."

काका म्हणाले, "तू खाली यावंस म्हणून केलं मी."

"आले की खाली. सकाळपासून बसलेय. गाड्या जातात, माणसं जातात. माझ्याशी बोलायला कुणाला ठेवलंत तुम्ही? गुडघे माझे होते हो. एकदा मला विचारायचं तरी होतंत."

त्यांचे मी ऐकलेले ते शेवटचे बोलणे. कारण त्यानंतर अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. पुढच्यांचा जिना वेगळा झाला होता, तेव्हा त्यांना अंगणाची गरज उरली नाही, असे मालकाचे म्हणणे. काकांची ती छोटी खिडकीही विटांनी बुजवून टाकली. गवंड्यांनी मला उचलून मागच्या बाजूला सरकवले आणि माझ्या वाट्याला अर्धे अंगण आले.

मागचे लोक कचेरीत गेले, पण आता ते मूठभर होते. साहेबांनी विचारले, "पुढच्या लोकांची तर काहीच तक्रार नाही. मग तुमचीच कशी?" मावशींनी भिंतीची भेग सांगितली. साहेब या खेपेला मात्र लगेच पाहायला आले. त्यांनी भिंत पाहिली आणि मागचा भाग राहण्यास धोकादायक ठरवला. जी भिंत दुरुस्त करून मागितली, तीच घर सोडायचे कारण झाली. 'दुरुस्ती झाली की सगळ्यांना परत आणू,' असे गोडबोल्या हात जोडून सांगत फिरला. मी तेव्हाच ओळखले की या लोकांच्या तोंडाला पाने पुसली जाणार.

एकेक घर उठले. कुणी भावाकडे गेले, कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिलवानाने आपल्याच टेम्पोतून सगळ्यांचे सामान वाहिले. सगळ्यांत शेवटी मावशी निघाल्या. शिलाईचे मशीन टेम्पोत चढवून झाल्यावर त्या माझ्यावर टेकल्या. अंगणातल्या भिंतीकडे, तिच्यामागच्या बुजवलेल्या खिडकीच्या दिशेने पाहत राहिल्या. पलीकडे घड्याळांची टिकटिक चालू असेल, पण विटांतून काही येत नव्हते. मग त्या उठल्या आणि गेल्या.

मागचा भाग पाडला. पाडणाऱ्या मजुरांनी माझ्यावर उभे राहून घण मारले, कुंपणाच्या खांबांसाठी माझ्यावरच सिमेंट कालवले, माझी एक फळी चिरली. त्यांना अडवायला कुणी उरले नव्हते. परत मात्र कुणालाच आणले नाही. जागा मोकळी ठेवली, गवत वाढले.

आणि आता काकांची पाळी आली. मागचा भाग गेल्यावर पुढच्या भागाची पाठ उघडी पडली. पावसाचे पाणी थेट तिच्यावर येऊ लागले. वर्ष उलटायच्या आत त्या उन्हाच्या खोल्यांनाही ओल धरली आणि भेगा पडल्या. पुढचे लोक कचेरीत गेले. साहेब तेच होते. त्यांनी काकांना ओळखले आणि विचारले, "एवढेच? तुमच्या इमारतीतले बाकीचे कुठे आहेत?" काका खाली मान घालून परत आले. हे मला कळले, कारण त्या दिवशी ते अंगणातली पडकी भिंत ओलांडून मागच्या गवतात आले, माझ्यावरचे सिमेंट नखाने खरवडत बसले आणि स्वतःशीच सगळे बोलत राहिले.

त्यानंतर त्यांनी पहिलवानाला शोधून काढले, मावशींचा ठावठिकाणा विचारला आणि भाड्याचा टेम्पो आणला. मला मागे घातले. पुढे ड्रायव्हरशेजारी काकूंना बसवले. मित्रांनो, असा मी तुमच्या इमारतीत आलो. मावशी इथे चौथ्या मजल्यावर राहतात, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले आहेत.

लिफ्ट त्या दिवशीही बंद होती आणि काकूंना चौथा मजला चढणे शक्य नव्हते. काकांनी निरोप पाठवला. मला वाटले, मावशी येणार नाहीत. पण त्या आल्या. अंगावर दोऱ्यांचे तुकडे तसेच होते. काकूंना हात धरून त्यांनी टेम्पोतून उतरवले आणि दोघी माझ्यावर बसल्या.

"चष्मा बदललास का गं?" काकूंनी विचारले.

"नंबर वाढला. उजेड कमी पडतो."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. काका टेम्पोला टेकून उभे होते. त्यांना बसा असे कुणी म्हटले नाही आणि तेही आपणहून बसले नाहीत.

अखेर काकांनीच धीर केला. "मावशी, माझं चुकलं."

मावशींनी आवाज चढवला नाही. "काका, यांचे गुडघे मी रोज बघत होते. तुमच्यापेक्षा जास्त बघत होते, तुम्ही दुकानात असायचात. तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, की भिंत राहू दे, आधी हिच्यासाठी जिना मागू, तर आम्ही सगळ्यांनी मिळून आधी तुमचा जिनाच मागितला असता. एकानेही नाही म्हटलं नसतं."

काकांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होते. कदाचित सह्या दिल्यापासून ठाऊक होते.

"याला ठेवून घ्या," माझ्याकडे बोट करून ते एवढेच म्हणाले. "आमच्याकडे आता बसायला कुणी नाही."

टेम्पो गेला. काकू पुन्हा आल्या नाहीत. गेल्या थंडीत त्या गेल्याचे पहिलवानाने येऊन सांगितले. त्या दिवशी मावशी दुपारभर माझ्यावर बसून होत्या. मांडीवर एक बिनबटणांचा सदरा होता आणि सुईत दोरा ओवलेला नव्हता.

मावशी इथे बैठका घेत नाहीत. शेजारी लिफ्टची, पाण्याची कुरकुर करतात, तेव्हा त्या ऐकतात आणि वर निघून जातात. मोठ्यांना माझे बोलणे ऐकू जात नाही, लाकूडच मी. पण तुम्ही लहान आहात, तुमचे ऐकतील. आज घरी गेलात की विचारा, आपल्याकडे कुठे ओल आहे, कुणाला जिना चढवत नाही, कुणाची रात्र खोकण्यात जाते. आणि जे कळेल ते दाराआड ठेवू नका. शेजारच्या दाराशी जाऊन सांगा. दाराआड राहिलेले दुखणे पुढे सगळ्या घराला सोसावे लागते, ते मी पाहिले आहे. जमले तर मावशींना हात धरून खाली आणा. त्यांना ऐकायला अजून येते. आणि काका अजून त्याच भेगाळलेल्या खोलीत एकटे राहतात. त्यांनाही कुणीतरी बोलवा.